दाराआडचे जनावर आणि त्याचा खुराक

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कुत्री-मांजरे पिढ्यान्‌पिढ्या घरच्या उरल्यासुरल्या अन्नावर पोसली गेली आणि त्यावर ती बरी जगली, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कारण पाळीव प्राण्यांच्या आहाराविषयी आज जे बोलले जाते, आणि विशेषतः जे विकले जाते, त्याचा सूर बहुधा असा असतो की जुन्या लोकांना यातले काही कळतच नव्हते. वस्तुतः जुन्या व्यवस्थेत माणूस या प्राण्यांना पूर्ण आहार देत नव्हता, त्यातला केवळ एक भाग देत होता. शिळी भाकरी, खरवडलेला भात, ताकाचा घोट एवढे घरातून मिळे. उंदीर, घूस, सरडा, उकिरड्यावरचे हाड, शेळी किंवा मेंढी व्याल्यानंतर पडलेला जार, ओढ्याकाठी टाकलेल्या मढ्याचे मांस हा दुसरा भाग प्राणी स्वतः मिळवी. माण, खटाव आणि आटपाडीच्या माळावरून मेंढरांमागे फिरणारा धनगराचा कुत्रा बाजरीच्या भाकरीवर जगतो असे म्हटले जाते, पण तो केवळ भाकरीवर कधीच जगला नाही. त्याच्या गळ्यात साखळी नव्हती, म्हणून भाकरीत जे कमी पडे ते तो रानातून भरून काढी.

गेल्या काही दशकांत बदलले ते हेच. साताऱ्याच्या सदरबझारातील किंवा सांगलीच्या विश्रामबागेतील सदनिकेत वाढणारा कुत्रा दिवसातून दोनदा पट्ट्याला बांधून बाहेर नेला जातो, त्याने रस्त्यावरचे काही तोंडात घेतले तर ते ओढून काढले जाते, आणि तिसऱ्या मजल्यावरची मांजर आयुष्यात एकदाही उंदीर पाहत नाही. प्राण्याची ही बंदिस्ती त्याच्या सुरक्षिततेसाठी योग्यच आहे. अपघात, मारामाऱ्या आणि पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा यांपासून त्याचे रक्षण होते. मात्र दार बंद करताना प्राण्याचा स्वतःचा वाटा बंद झाला आणि त्या वाट्याची जबाबदारी माणसाकडे आली, हे फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही. घरातून जाणारी थाळी तीच राहिली. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा न भरलेला वाटा आहे, आणि तो प्रत्येक प्राण्याच्या बाबतीत निराळा असतो, हे त्याचे मुख्य प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन या भागातील शेतकऱ्याला नवे वाटू नये, कारण गोठ्यात तो ते रोज पाळतो. गाभण म्हशीचा खुराक वेगळा, दुभतीचा वेगळा, भाकड गायीचा वेगळा आणि नांगराच्या दिवसांत खिलार बैलाचा वेगळा, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. दुभत्या जनावराला पेंड आणि भरडा दुधाच्या मापाने वाढवून द्यायचा, आटल्यावर तो उतरवायचा, हा व्यवहार म्हणजे पोषणशास्त्रज्ञ ज्याला गरजेनुसार आहार म्हणतात तोच होय. उसाच्या पट्ट्यात सतत वाढ्यांवर असणाऱ्या जनावराला चुन्याची निवळी किंवा खनिज मिश्रण द्यावे लागते, कारण वाढ्यांतील ऑक्झॅलेट हे द्रव्य अन्नातील कॅल्शियमला बांधून ठेवते आणि ते शरीराला लागू पडत नाही, हेही कृष्णाकाठच्या गोठ्यांत ठाऊक असते. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात माण, आटपाडी, जत या तालुक्यांत चारा छावण्या उभ्या राहिल्या, तेव्हा सरकारी हिशेबाने जनावरांचे मोठे आणि लहान असे दोनच वर्ग केले. दावणीला गाभण म्हैस असो वा भाकड गाय, दोन्ही मोठीच. हजारो जनावरे जगवायची असताना असा हिशेब अपरिहार्य असतो, परंतु घरात एकच जनावर असलेल्या माणसानेही त्याच्याकडे 'कुत्रा' एवढ्या एका वर्गाने पाहावे, याला तशी सबब नाही.

प्रेमाने दिलेला खुराक अपायकारक ठरू शकतो, याचेही उत्तम उदाहरण गोठ्यातच आहे. आषाढातील बेंदराला, आणि सीमेलगतच्या गावांत ज्येष्ठातील कर्नाटकी बेंदराला, बैलाला पुरणपोळीचा घास दिला जातो. घासाने काही बिघडत नाही. बिघडते ते हौसेने भरवलेल्या टोपलीभर पोळ्यांनी. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा पहिला कप्पा, ज्याला कोठीपोट म्हणतात, तो वैरण कुजवून पचवणाऱ्या सूक्ष्म जीवांचा असतो, आणि एकाएकी पिष्ट व गूळ यांचा लोंढा आला की आम्ल तयार करणारे जीव तेथे माजतात. आम्लता मोजण्याच्या सामू या मापावर एरवी ६ ते ७ च्या दरम्यान असणारी कोठीपोटातील स्थिती ५.५ च्या खाली जाते, बैल रवंथ थांबवतो, पोट फुगते आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास तो दगावतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ मे २०२३ च्या निकालाने बैलगाडा शर्यतींचा मार्ग कायद्याने मोकळा झाल्यापासून शर्यतीच्या बैलाला अंडी, दूध, बदाम चारण्याची चढाओढ पुन्हा दिसते. या खर्चाचा किती भाग बैलाला लागू पडतो आणि किती मालकाच्या नावलौकिकाला, हा प्रश्न शर्यतीच्या मैदानावर विचारण्यात अर्थ नाही.

गोठ्यातील ही जाण ओसरीवरच्या कुत्र्यापर्यंत का पोहोचली नाही, याचे कारण साधे आहे. म्हशीचा आहार चुकला तर संध्याकाळच्या दुधात कळते. कुत्र्याचा चुकला तर वर्षांनी कळते, आणि तेव्हा त्याला वय झाले असे म्हटले जाते.

कुत्र्याच्या गरजेचा पहिला हिशेब उष्मांकांचा, म्हणजे अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले आणि कॅलिफोर्नियात काम केलेले शास्त्रज्ञ मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले की प्राण्याची ऊर्जेची गरज त्याच्या वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, ती त्यापेक्षा सावकाश वाढते. या तत्त्वावर आधारलेले आजचे पशुवैद्यकीय गणित असे मांडता येते: किलोग्रॅममधील वजनाला त्याच वजनाने दोनदा गुणावे, येणाऱ्या संख्येचे लागोपाठ दोनदा वर्गमूळ काढावे आणि त्याला ७० ने गुणावे, म्हणजे पूर्ण विश्रांतीत लागणारे दिवसाचे उष्मांक किलोकॅलरीत मिळतात, घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी ही संख्या सुमारे १.६ पट धरतात. या हिशेबाने ५ किलोच्या पॉमेरेनियनला विश्रांतीसाठी सुमारे २३४ आणि दिवसभरासाठी सुमारे ३७५ किलोकॅलरी लागतात, तर ३० किलोच्या लॅब्रॅडॉरला अनुक्रमे सुमारे ९०० आणि १,४४०. वजन सहापट, परंतु गरज चौपटीहून कमी. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक मोठी भाकरी सुमारे ३४० किलोकॅलरी देते. म्हणजे लहान कुत्र्याचा जवळजवळ पूर्ण दिवस एका भाकरीत संपतो. त्यानंतर सकाळच्या चहाबरोबर घरातल्या चौघांनी एकेक ग्लुकोज बिस्किट दिले, तर ती चार बिस्किटे मिळून त्याच्या दिवसाच्या गरजेचा सुमारे पाचवा हिस्सा होतो, आणि तो हिस्सा कोणाच्याच हिशेबात नसतो. लहान कुत्री घरोघर गोल का होतात, याचे उत्तर बहुतांशी त्या चहाच्या वेळेत आहे.

हा आकडाही केवळ आरंभबिंदू होय. एकाच वजनाच्या, एकाच वयाच्या दोन कुत्र्यांची गरज तिसेक टक्क्यांनी निराळी असू शकते; नसबंदीनंतर ती घटते, पिलांना पाजणाऱ्या कुत्रीची ती दुप्पट-तिप्पट होते, आणि जतच्या उन्हाळ्यात भर दुपारी कुत्रा खात नाही, यात आजार असतोच असे नाही. म्हणून गणितापेक्षा हाताची परीक्षा अधिक विश्वासाची ठरते. पशुवैद्य शरीरस्थितीचा अंक म्हणून एक ते नऊ असे माप वापरतात, ज्यात एक म्हणजे हाडांचा सापळा, नऊ म्हणजे अतिस्थूल आणि चार-पाच म्हणजे योग्य. बरगड्यांवर हलका हात फिरवला असता त्या बोटांना सहज मोजता आल्या पाहिजेत आणि वरून पाहता कमरेचा खळगा दिसला पाहिजे.

परंतु हे मापही जात पाहून वाचावे लागते, आणि येथे सांगली जिल्ह्याजवळ स्वतःचे एक उदाहरण आहे. जत आणि आटपाडीच्या पट्ट्यात कारवानी या नावाने ओळखला जाणारा, आणि सीमेपलीकडील बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या नावाने देशभर माहीत असलेला शिकारी कुत्रा हा दृष्टीने सावज हेरून वेगाने धावणाऱ्या कुत्र्यांच्या गटातला आहे. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर काढलेल्या तिकिटांत त्याला स्थान मिळाले, आणि कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्याची देशी जात म्हणून नोंद केली. उंच पाय, खोल छाती, आत गेलेले पोट आणि कातडीखाली अत्यल्प चरबी ही त्याची जातिवंत ठेवण आहे. मागच्या एक-दोन बरगड्या दिसणे हे त्याच्यात उपासमारीचे लक्षण नव्हे. शहरातील पाहुणा त्याला पाहून हळहळतो, धनी ओशाळतो आणि दूध-भाकरीचे माप वाढवतो. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाच्या शिकारीला बंदी असल्याने या कुत्र्याचे मूळ काम संपले आहे. जो कुत्रा रोज मैलोन्‌मैल धावत होता तो अंगणात बसून राहिला असताना त्याला आजोबांच्या काळचा खुराक देणे म्हणजे औत सोडलेल्या बैलाला नांगरणीचा खुराक देण्यासारखेच आहे.

लॅब्रॅडॉरची गोष्ट याच्या नेमकी उलट. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की या जातीतील सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांच्या एका जनुकात असा बिघाड असतो की पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. अशा कुत्र्याची दीनवाणी नजर ही भुकेची साक्ष नसते, आणि ती साक्ष मानून घास देणारा माणूस दयाळू असला तरी चुकतो. याविषयीचा सर्वांत बोलका पुरावा २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासाचा आहे: ४८ लॅब्रॅडॉर पिलांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा चतुर्थांश कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले, आणि कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे कुत्रे जेथवर जगले ते वय, १३ वर्षे तर इतरांचे ११.२ वर्षे निघाले. सांध्यांचा विकारही पहिल्या गटात उशिरा दिसला. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षांहून अधिक भर घालणारे औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही.

साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहूंच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवली जाते. त्याने महाराजांचे प्राण वाचवले आणि त्याला पालखीचा मान व जहागिरी मिळाली, असे परंपरा सांगते. जहागिरीच्या उत्पन्नातून त्या कुत्र्याच्या पानात काय वाढले जात असे हे परंपरेने सांगितलेले नाही. तो शिकारीला जात होता तोवर पक्वान्नेही त्याला पचली असतील.

उष्मांकांचा हिशेब जुळला तरी आहार पूर्ण होत नाही, आणि भाकरीवरचा खरा आक्षेप येथे सुरू होतो. भाकरी कुत्र्याला पचतच नाही, हा नव्याने ऐकू येणारा समज चुकीचा आहे. २०१३ मध्ये स्वीडनमधील संशोधकांच्या नेतृत्वाखाली झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की स्वादुपिंडात पिष्ट पचवणारा रस तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर पाळीव कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या चुलीशेजारी काढलेल्या हजारो वर्षांनी कुत्र्याला शिजलेले धान्य पचवण्याची शक्ती दिली. आक्षेप आहे तो भाकरीत जे नाही त्यावर. ज्वारीत प्रथिने सुमारे दहा टक्के असतात, आणि त्यांत लायसिन हा प्रथिनांचा एक आवश्यक घटक कमी असतो. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेचे मानक प्रौढ कुत्र्यासाठी कोरड्या अन्नांशात किमान १८ टक्के आणि वाढत्या पिलासाठी २२.५ टक्के प्रथिने मागते. ज्वारीबाजरीच्या शंभर ग्रॅम पिठात कॅल्शियम पंचवीस-तीस मिलिग्रॅम इतकेच असते आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट. कुत्र्याच्या शरीराला मात्र कॅल्शियम हे फॉस्फरसच्या बरोबरीने किंवा थोडे अधिक हवे असते. हे प्रमाण उलटे झाले की शरीर रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी ते हाडांतून काढून घेते, आणि पिलाचे पाय वाकतात, किरकोळ उडीने हाड मोडते. हे पाहून घाबरलेला धनी चिकन सुरू करतो, परंतु हाड काढलेल्या मांसात हे प्रमाण धान्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, बिघडलेले असते. नाचणीत कॅल्शियम शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असल्याने पाटण-जावळीकडची नाचणीची भाकरी ज्वारीहून सरस ठरते, तरी तिच्यातील फायटेट हे आम्लद्रव्य त्याचा काही भाग अडवते, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबता येत नाही.

येथून दुसऱ्या टोकाला जाण्याचा मोहही तितकाच घातक आहे. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जातींचे पिलू आणले की औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची बाटलीही आणायची, असा एक प्रघात पडला आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे १९८० च्या दशकात ग्रेट डेन पिलांवर झालेल्या प्रयोगांनी दाखवले की कोवळ्या वयात जास्तीचे कॅल्शियम शोषणे थांबवण्याची क्षमता या पिलांत पुरेशी नसते, आणि त्या अतिरेकाने हाडांची वाढ वेडीवाकडी होते. एका घरात भाकरीवर वाढणाऱ्या गावठी पिलाला कॅल्शियम कमी पडते आणि शेजारच्या बंगल्यात महागडे पिलांचे खाद्य खाणाऱ्या मोठ्या जातीच्या पिलाला वरची बाटली अपाय करते. एकच बाटली, एकाला औषध आणि दुसऱ्याला विकार.

घरच्या थाळीत जे कमी आहे त्याबरोबरच तिच्यात जे आहे त्याचाही विचार करावा लागतो, आणि या दोन जिल्ह्यांत तो अधिकच करावा लागतो, कारण येथील स्वयंपाकाचा कणा कांदा-लसूण मसाला हा आहे. कांदा आणि लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशींवर आघात करतात. पेशीतील हिमोग्लोबिन बिघडते, शरीर त्या पेशी मोडून टाकते आणि तीन-चार दिवसांनी प्राणी मलूल होतो, हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद होते. शिजवल्याने किंवा वाळवल्याने हा गुण जात नाही, उलट वाळवलेल्या मसाल्यात तो एकवटतो. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे पंधरा ते तीस ग्रॅम कांद्याने, तर मांजराच्या बाबतीत अवघ्या पाच ग्रॅमने रक्तातील बदल दिसल्याची नोंद आहे. मटणाच्या रश्शात बुडवलेली भाकरी एकदा खाल्ल्याने कुत्रा मरत नाही, आणि म्हणूनच ती दर रविवारी दिली जाते. थोडाथोडा होणारा हा रक्तक्षय अशक्तपणा या नावाखाली वर्षानुवर्षे खपून जातो. रश्शातली शिजलेली हाडेही याच पंक्तीतली, कारण कच्चे हाड चुरते तर शिजलेले हाड टोकदार फुटते आणि आतडे फाडते. कच्चे मांस द्यावे असे सुचवणाऱ्यांनी मात्र हे लक्षात घ्यावे की मेंढीचे कच्चे काळीज-फुप्फुस खाणाऱ्या कुत्र्याच्या आतड्यात वाढणारा एक बारीक फीतकृमी त्याच्या विष्ठेतून माणसाकडे येतो आणि माणसाच्या यकृतात पाण्याने भरलेल्या गाठी करतो. खाटिकखान्याजवळची कुत्री या रोगाचे चक्र चालू ठेवतात. मांस द्यायचे ते उकडून, मसाल्याविना आणि हाडाविना द्यावे.

तासगाव आणि कवठेमहांकाळच्या पट्ट्याला एक इशारा वेगळा द्यावा लागतो. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात, हे पशुवैद्यकाला गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत कळले. २०२१ मध्ये अमेरिकेतील विषबाधातज्ज्ञांनी द्राक्षातील टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले, आणि जगातील फार थोड्या फळांत हे आम्ल इतके असल्याने तो तर्क सयुक्तिक वाटतो. किती द्राक्षांनी बाधा होईल हे आधी सांगता येत नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊन हिंडत राहतो आणि दुसऱ्याला थोडीच पुरतात. बागेत राखणीला आणि बेदाणा शेडमध्ये वावराला असलेली शेकडो कुत्री या जिल्ह्यात आहेत, आणि त्यांतील एखादे उलट्या करून दोन दिवसांत लघवी बंद होऊन गेले तर संशय शेजाऱ्यावर किंवा फवारणीच्या औषधावर जातो. फवारणीही कारण असू शकते. पण खाली सांडलेल्या बेदाण्याचे नाव त्या यादीत असले पाहिजे, आणि खाल्ल्याचे कळताच उलटी होण्याची किंवा लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे नेले पाहिजे.

दुधाबद्दल थोडक्यात सांगणे पुरे. भिलवडीपासून फलटणपर्यंत दूध हा या भागाचा अभिमान असला तरी दूध सुटल्यानंतर बहुतेक कुत्र्या-मांजरांत दुधातील साखर पचवणारा रस घटतो, आणि ढाळ लागतात. ज्याला दूध सोसते त्याला थोडे द्यावे, ज्याला सोसत नाही त्याला दही किंवा पातळ ताक चालते, आणि म्हशीच्या दुधाचे उष्मांक भाकरीतून वजा करावेत. पोपटाला हिरवी मिरची हा पूर्ण आहार नव्हे, एवढे सांगून तो विषयही सोडता येईल, कारण देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हाच वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

मग पिशवीतले तयार खाद्य हाच मार्ग उरतो काय? तो एक मार्ग आहे, आणि घरी स्वयंपाकाला वेळ नसलेल्यांसाठी बहुधा सुरक्षित मार्ग आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक शाळेने २०१३ मध्ये पुस्तकांतून व अन्य ठिकाणांहून कुत्र्यांसाठीच्या घरगुती पाककृती गोळा केल्या, तेव्हा दोनशेंपैकी ९५ टक्क्यांत निदान एक आवश्यक घटक अपुरा निघाला, आणि त्यांतील काही पाककृती पशुवैद्यांनी लिहिलेल्या होत्या. मात्र पिशवीही वाचता आली पाहिजे. ओल्या खाद्यावर प्रथिने ८ टक्के आणि कोरड्यावर २४ टक्के लिहिलेली दिसली की कोरडे तिप्पट पौष्टिक वाटते. पण ओल्यात ८० टक्के पाणी असते, ते वजा केल्यावर त्यातील प्रथिने कोरड्या अंशाच्या ४० टक्के होतात, आणि १० टक्के पाणी असलेल्या कोरड्या खाद्यातील सुमारे २७ टक्के. 'पूर्ण व संतुलित आहार' आणि 'पूरक खाद्य' या शब्दांतला भेद रंगीत चित्रांपेक्षा महत्त्वाचा असतो, आणि ते खाद्य पिलासाठी आहे की प्रौढासाठी, हा त्याहूनही. पिशवीवरील प्रमाणाचा तक्ता सरासरी कुत्र्यासाठी असतो. सरासरी कुत्रा कोणाच्याच घरी नसतो.

घरी शिजवायचेच असेल, आणि या भागातील बहुसंख्य घरांत तेच परवडणार आहे, तर भाकरी काढून टाकण्याची गरज नाही. ती निम्म्यावर आणून उरलेल्या जागी उकडलेले अंडे, बिनमसाल्याचे मांस किंवा मासळी, शाकाहारी घरात मऊ शिजलेली डाळ आणि दही, थोडा भोपळा किंवा गाजर, चमचाभर तेल, आणि वजन व वय पाहून ठरवलेले खनिज-जीवनसत्त्व मिश्रण घालावे लागेल. या शेवटच्या मिश्रणाची मात्रा अंदाजाने ठरवू नये. खंडाळा तालुक्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्यांना सरकारी दवाखाने आहेत. गाय अडल्यावर तेथे धावणाऱ्या माणसाने निरोगी कुत्र्याची खुराकाची चौकशी करायला तेथे जाण्यात संकोच मानू नये. म्हाताऱ्या प्राण्याच्या बाबतीत तर हे अधिकच आवश्यक होय, कारण मूत्रपिंड थकलेल्या कुत्र्याला फॉस्फरस कमी लागतो, यकृत बिघडलेल्याचे पथ्य निराळे असते, आणि 'म्हातारा झाला, प्रथिने कमी करा' हा सरसकट सल्ला निरोगी वृद्ध कुत्र्याचे स्नायू झडवतो.

मांजरीचा विचार शेवटी राखून ठेवला आहे, कारण तिच्याविषयी तडजोडीला जागा नाही. कुत्रा माणसाबरोबर मिश्राहारी झाला. मांजर घरात आली ती कणगीतले उंदीर खाण्यासाठी, आणि तिचे शरीर आजही निव्वळ मांसभक्षकाचे आहे. गाजरातील पिवळ्या द्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवणे तिला जमत नाही. ते तिला प्राणिज अन्नातून तयारच मिळावे लागते. आर्जिनिन या प्रथिनघटकाविना दिलेल्या एका जेवणानेही काही तासांत तिच्या रक्तात अमोनिया साचतो, हे १९७८ मध्ये प्रयोगाने दिसले. टॉरिन नावाचा घटक, जो मांसात असतो आणि धान्य-भाजीत जवळजवळ नसतो, तो तिला पुरेसा तयार करता येत नाही; त्याच्या अभावी डोळ्याचा पडदा झिजून ती आंधळी होते आणि हृदयाचे स्नायू ताणून पातळ होतात. पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हा हृदयविकार टॉरिनच्या कमतरतेमुळे होतो हे सिद्ध केल्यावर खाद्यनिर्मात्यांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले, आणि मांजरांतील तो विकार झपाट्याने विरळ झाला. कुत्र्याचे खाद्य मांजराला देणेही म्हणूनच चुकीचे. त्यात टॉरिनची हमी नसते आणि प्रथिनेही मांजरीला लागणाऱ्या किमान २६ टक्क्यांपेक्षा कमी असू शकतात. शिवाय ती पाणी थोडे पिते, तेव्हा केवळ कोरड्या खाद्यावर ठेवलेल्या बोक्याची लघवी तुंबण्याचा धोका असतो. आणि लठ्ठ मांजरीने दोन-तीन दिवस अन्न सोडले तर तिच्या यकृतात चरबी साचून जीव जाऊ शकतो, म्हणून तिला उपाशी ठेवून बारीक करण्याचा प्रयोग कधीही करू नये.

माळकरी, जैन, लिंगायत आणि इतर शाकाहारी घरांतील मांजरी दूधभातावर पंधरा-पंधरा वर्षे जगल्याचे दाखले दोन्ही जिल्ह्यांत वाटेल तेवढे मिळतील, आणि ते खोटे नाहीत. त्या घरांना परसदार होते, कणगी होती आणि रात्री उघडी राहणारी खिडकी होती. मांजर दूधभात घरात खात होती आणि टॉरिन बाहेर. सदनिकेत तो बाहेरचा भाग उरलेला नाही. घरात मांस शिजवायचे नाही ही निष्ठा आदरणीय आहे, आणि टॉरिन घातलेले तयार मांजरखाद्य आणून त्या निष्ठेशी तडजोड न करताही पुष्कळांना मार्ग काढता येतो. पण ज्या घराला तेही आणायचे नाही, त्या घराने मांजर बंद दाराआड पाळू नये. त्याऐवजी ससा पाळावा, ज्याला गवत आणि पाला हाच योग्य आहार आहे.